दोन घोटांमधलं अंतर

"माणसाला अग्नी सापडला, चाक सापडलं, शून्य सापडलं. पण पुढे काय होणार, हे आजवर कुणालाही सापडलेलं नव्हतं. ते आज आम्हांला सापडलं आहे!" असं डॉ. श्रीनिवास पानवलकर म्हणाले, आणि त्यांच्या मागच्या आंबवणटाकीच्या नळीतून सुटलेला फेस त्यांच्या दोन्ही बुटांत शिरला.

"सर, तिथं उभं राहू नका म्हणून सांगितलं होतं मी," रेवती काळभोर म्हणाली आणि तिनं त्यांच्याकडे फडकं फेकलं.

साल २०३९. लोणीच्या पुढं, मेट्रोच्या शेवटच्या स्थानकाजवळ रेवतीची बिअरशाळा होती. आत पाच टाक्या, बाहेर अंगण, अंगणात टेबलं. किण्वनशास्त्राची पदवी घेऊन रेवती गावी परतली, तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की पोरगी आता दह्याचा कारखाना काढेल. पानवलकर मात्र दुरून आले होते. त्यांनी आयुष्यभर पावसाचे अंदाज वर्तवले होते. त्यांतले काही बरोबरही आले होते. निवृत्तीनंतर त्यांनी आकाशाचा नाद सोडून माणसाच्या जिभेकडे मोर्चा वळवला आणि 'रुचिवेध' नावाचं यंत्र बनवलं. पुढच्या हंगामात लोक कुठली बिअर डोक्यावर घेतील, हे ते आधीच सांगणार होतं.

"लोकांना वाटतं, फॅशन आवडीमुळे बदलते," पानवलकर मोजे पिळत म्हणाले. "चूक. फॅशन बदलते कंटाळ्यामुळे. आवड मोजता येत नाही, कारण आवडीबद्दल माणूस खोटं बोलतो. कंटाळा मोजता येतो."

"कशानं?"

त्यांनी खिशातून भाकरीच्या चानकीएवढी एक पातळ चकती काढली. "ही वजनचकती. ग्लासाखाली ठेवायची. घोट घेतला की ग्लास हलका होतो, चकतीला कळतं. पहिला घोट माणूस कुतूहलानं घेतो, दुसरा आवडीनं. या दोहोंमधला जो वेळ, त्याला मी घोटांतर म्हणतो. घोटांतर वाढायला लागलं की समजायचं, शहरात कंटाळा साचतोय."

"आणि साचला की?"

"कमी दाबाचा पट्टा!" पानवलकरांचे डोळे चमकले. "जिथं दाब कमी, तिथं वारा धावतो. जिथं कंटाळा, तिथं नवी चव धावते. कुठली धावेल, ते यंत्र काढतं."

"मधेच कुणाचा फोन आला तर? कुणी उठून गेला तर?"

"ते सरासरीत जातं. आमच्या शास्त्रात सगळं सरासरीत जातं."

रेवतीला हे पटलं, कारण पहिला अंदाज खरा ठरला. यंत्र म्हणालं कोकमाची आंबट बिअर, आणि पुणं त्या वर्षी कोकमानं लालेलाल झालं. मग काय, जिल्ह्यातल्या एकूण एक बिअरशाळेनं ग्लासाखाली चकत्या लावल्या. दुसऱ्या वर्षी यंत्रानं भाजक्या नाचणीची काळी बिअर सांगितली. ती सगळ्यांनीच केली. गल्लोगल्ली तीच मिळायला लागल्यावर चकत्यांवर कंटाळा लवकर दिसू लागला, म्हणून पुढचा अंदाजही लवकर आला. वर्षाची फॅशन सहा महिन्यांवर आली, सहाची एकावर. गवती चहा येऊन गेला, चिंचगूळ येऊन गेला, हुरड्याची धुरकट बिअर तर काही लोकांनी नुसती ऐकली.

चौथ्या वर्षी एका चवीचं आयुष्य पंधरवड्यावर आलं. इथं निसर्ग आडवा आला. बिअर आंबायला तीन आठवडे लागतात, आणि यीस्टला घाई करता येत नाही. म्हणजे बिअर टाकीत नीट नांदायच्या आतच तिची फॅशन सरत होती. शेवग्याच्या शेंगेची बिअर तयार झाली त्या दिवशी ती मागणारा एकही माणूस शहरात उरला नव्हता. रेवतीनं ती नाल्यात सोडली. नाल्यानंही ती जरा विचार करूनच घेतली.

"रेवे, लग्नाला फॅशन नसती," तिचा थोरला भाऊ, हणमंतदादा, रिकाम्या टाकीवर टिचकी मारत म्हणाला. जमीन दोघांच्या नावावर होती आणि दादाच्या डोक्यात मंगल कार्यालय होतं. "दोन माणसं हार घालणार, हजार माणसं जेवणार, संपला विषय. नवरीचा कुणाला कंटाळा आला तर तो लग्नानंतर. आपलं भाडं तवर मिळालेलं असतंय."

"एक टाकी दे मला, दादा. शेवटची."

"दिली. ती पण नाल्यात गेली, तर टाक्या बाहेर आन् मांडव आत. मग रडायचं नाही."

दादा शब्दाचा पक्का होता आणि तयारीचाही. कार्यालयाला लागेल म्हणून त्यानं अंगणातल्या पत्र्याखाली एक अवाढव्य पंखा आधीच टांगून ठेवला होता.

त्या शेवटच्या टाकीसाठी यंत्रानं जांभूळ आणि लवंग सांगितली. रेवतीनं पातेल्यात लवंग टाकायला हात उचलला आणि तसाच थांबवला.

"सर, एक विचारू? या शहरात सगळ्यांत आधी कंटाळतं कोण?"

"अरे वा, फार मार्मिक प्रश्न!" पानवलकर खुलले. "चार जण आहेत. अख्ख्या शहराच्या कितीतरी आधी त्यांचं घोटांतर वाढतं. मी त्यांना 'आद्यकंटाळे' म्हणतो. सारा अंदाज त्यांच्यावर उभा आहे. तरल माणसं असणार हो. कवी, चित्रकार, असं कुणीतरी."

"बसतात कुठं?"

पानवलकरांनी पडद्यावर नकाशा मोठा केला. जिल्हा दिसला, मग लोणी दिसलं, मग रेवतीला स्वतःच्याच गच्चीवर वाळत घातलेली चादर दिसली. लाल ठिपका अंगणातल्या चौथ्या टेबलावर लुकलुकत होता.

"हे तर अंतुरकर मास्तरांचं टेबल!" ती ओरडली. "चार वर्षं तुम्ही त्यांच्या शेजारनं ये-जा करताय. कधी वळून बघितलं नाही?"

"मी नकाशा बघत होतो," पानवलकर म्हणाले. तीस वर्षं त्यांनी खिडकीला पाठ करूनच पाऊस सांगितला होता.

संध्याकाळी दोघं खांबाआड उभे राहिले. चौथ्या टेबलावर गणिताचे निवृत्त शिक्षक अंतुरकर होते, रेल्वेतून निवृत्त झालेले डिसोझासाहेब होते, आणि जो हरत असेल त्याची बाजू घेऊन वाद जिवंत ठेवणारे त्यांचे दोन मित्र होते. फॅशनची कुठलीच बिअर तयार नसल्यामुळे रेवतीनं त्यांना घरच्यांसाठी ठेवलेली साधी गव्हाची बिअर दिली होती.

अंतुरकरांनी एक घोट घेतला. "हं," म्हणाले. ग्लास खाली ठेवला.

"डिसोझा, तू काहीही म्हण. आपल्या कॉलेजच्या कॅन्टीनच्या सामोशात वाटाणा नव्हता."

"मास्तर, मी तो वाटाणा या दातानं चावलाय."

"तो दात तरी आहे का तुझा आता?"

"दात गेला. साक्ष राहिली!"

चौघं खदखदून हसले. हा वाद ते इथं पहिल्यांदा बसले त्या दिवसापासून चालू होता. इकडे पानवलकरांच्या हातातला फोन पिवळा झाला, केशरी झाला, लाल झाला.

"बघा, बघा," ते कुजबुजले. "अतितीव्र कंटाळा! इतकं घोटांतर मी उभ्या आयुष्यात नोंदवलेलं नाही. गहू संपला, रेवतीबाई. गव्हाला भविष्य नाही."

तिकडे अंतुरकर डोळ्यांतलं पाणी पुसत होते आणि हसू थांबत नसल्यामुळे टेबलावर थापा मारत होते.

"सर," रेवती हळूच म्हणाली, "फोन खाली ठेवा. समोर बघा."

पानवलकरांनी समोर बघितलं. बराच वेळ बघितलं. चार ग्लास भरलेले होते आणि ते चार जणही. कुणाचं त्या ग्लासांकडे लक्ष नव्हतं. कुणाला दुसरं काही नकोही होतं.

"चिन्ह," पानवलकर अखेर म्हणाले. "मी चिन्ह उलटं धरलं. यांना कंटाळा आलेला नाही. यांना ती बिअर रुळली आहे. इतकी रुळली आहे, की ती समोर आहे हेही ते विसरलेत."

"म्हणजे चार वर्षं..."

"चार वर्षं लोकांना एखादी चव जरा रुळली, की आम्ही ती संपली म्हणून जाहीर करत होतो आणि तुम्ही सगळे ती बंद करत होता. कोकम संपलं नव्हतं हो. लोक कोकमावर नुकते टेकले होते. या चौघांचं सगळ्यांत आधी रुळतं, एवढंच. बाकी शहराला वेळ लागतो."

दोघं आत आले. पानवलकरांनी यंत्रात एका जागी उण्याचं अधिक केलं आणि पुन्हा अंदाज मागवला. यंत्रानं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग पडद्यावर अक्षरं उमटली: *पुढची चव: गहू. त्यानंतरची चव: हीच. त्यानंतर: बदल संभवत नाही.*

"बिघडलं का?" रेवतीनं विचारलं.

"नाही. पहिल्यांदाच सुधारलंय. सुखात बसलेल्या माणसांत कमी दाबाचा पट्टा तयारच होत नाही. वारा येणार कुठून?" पानवलकरांनी चष्मा पुसला. "याचा अर्थ उद्यापासून माझ्या यंत्राला काम नाही, आणि मला तर नाहीच नाही." हे सांगताना माणूस जितका दुःखी दिसायला हवा, तितके ते दिसत नव्हते.

रेवतीनं लवंग डब्यात परत ठेवली आणि टाकी गव्हानं भरली.

तीन आठवड्यांनी ती बिअर तयार झाली, त्या संध्याकाळी हणमंतदादा मोजायची टेप घेऊन आला. मांडववाला मागाहून येणार होता. अंगण भरलेलं होतं. दादाला बसायला जागा मिळाली ती चौथ्या टेबलावर. रेवतीनं त्याच्यापुढं ग्लास ठेवला आणि ती आत जाऊन पानवलकरांच्या पडद्यासमोर उभी राहिली.

दादानं घोट घेतला. ओठ पुसले. टेप हातातच होती.

"कुठल्या कॅन्टीनचं चाललंय मास्तर?" त्यानं विचारलं. त्यांनी सांगितलं. "आयला! तिथं तर आमच्या घरचं दूध जायचं. मीच घालायचो."

टेबल एकदम गार पडलं. अंतुरकरांचा चेहरा उतरला. डिसोझासाहेबांचा त्याहून. इतक्या वर्षांच्या वादाला साक्षीदार मिळाला होता.

"मग..." डिसोझासाहेबांनी घाबरत विचारलं, "होता का वाटाणा?"

आत खिडकीतून हे ऐकणाऱ्या पानवलकरांनी कपाळाला हात लावला. "आता हा खरं बोलला, तर वाद मिटला. वाद मिटला की चौघंही मुकाट्यानं पिणार आणि घरी जाणार!"

दादानं टेप टेबलावर ठेवली. डोकं खाजवलं.

"त्ये कुठल्या आचाऱ्याच्या वेळचं म्हणताय त्यावर हाय. दोन आचारी होते."

"दोन?" चौघं एकदम ओरडले. आणि मग जे सुरू झालं, त्यात कोण कुणाच्या बाजूनं होतं हे यंत्रालाही सांगता आलं नसतं. दादा बाह्या सरसावून उभा राहिला होता. त्याचा फोन वाजला. "मांडववाले? आज नाय जमणार. सांगतो कधी ते. आहो, महत्त्वाचं काम चाललंय हितं!" म्हणून त्यानं तो बंदही केला.

पडद्यावर पाचवा ठिपका पिवळा झाला, केशरी झाला आणि मग लालभडक. रेवती मटकन पोत्यावर बसली. गव्हाच्याच.

पानवलकरांना राहवेना. ते बाहेर गेले, चौथ्या टेबलापाशी उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"सद्गृहस्थहो! तुम्हांला कल्पना नाही, पण गेली चार वर्षं या महानगराची जीभ तुमच्या हातात होती. तुम्ही ग्लास खाली ठेवलात की शहराची चव बदलायची. आज तुम्ही विज्ञानाला समाधानाचं मोजमाप दिलंत. मनुष्यजात तुमची ऋणी आहे. तिच्या वतीनं विचारतो, आम्ही तुमच्यासाठी काय करू शकतो?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मग अंतुरकर मास्तरांनी मसाला पापडावर हाताचा आडोसा धरून मान वर केली.

"तेवढा पंखा एकावर करता का? शेव उडतेय."