ओळ चारशे सतरा

खिडकी लोटून घ्या आधी. निलेश, तो मोबाईल पालथा ठेव, गोष्ट संपेपर्यंत काही बुडत नाही तुझं.

आपल्या वरच्या मजल्यावरची वैशाली, धम्मपालची बायको. तिच्यावर आलेला प्रसंग आहे हा. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. लेक आठ महिन्यांची, अजून अंगावर पिणारी. संध्याकाळी सातला तिला पाजून वैशालीनं सीताराम आजोबांच्या मांडीवर दिली. आजोबा म्हणजे धम्मपालच्या वडिलांचे वडील. मिलमध्ये कापड तपासायला होते. जिथं धागा चुकला तिथं किनारीला लाल दोरा बांधायचा, तीस वर्षं एवढंच काम. मिलमध्ये माणसाला नाव नसायचं, बिल्ल्यावरचा नंबर असायचा.

"नऊच्या आत येते," वैशाली म्हणाली.

ऑफिस कुठं लांब? पूल उतरला की लोअर परळ. आजोबांचीच मिल पाडून काचेचा टॉवर बांधलाय. चिमणी तेवढी ठेवलीय, शोभेला.

"कितव्या मजल्यावर बसतेस गं?" आजोबांनी विचारलं.

"सहाव्या."

"आमच्या वेळी तिथं आभाळ होतं."

हसतच निघाली पोर.

काम होतं दारांचं. कार्ड लावलं की दार उघडायचं, आणि आत कोण, बाहेर कोण, ते खाली वॉचमनला स्क्रीनवर दिसायचं. सकाळी दहाला गिऱ्हाईक बघायला येणार होतं, म्हणून ऑफिसच्याच मजल्याच्या दाराला तो प्रोग्राम जोडून ठेवलेला.

आता तिच्या कामाची रीत तिनं मला समजावली ती अशी. ती कॉम्प्युटरला हुकूम लिहिते, ओळीखाली ओळ. काही चुकलं की खाली चुकांची यादी येते. त्यातली जी चूक आत्ता निस्तरायची, तिच्यावर पिवळा पट्टा येतो. ती सुधारली की पट्टा पुढच्या चुकीवर सरकतो. तांदूळ निवडताना खड्यावर बोट ठेवतो ना आपण, तसं.

अकरा चुका निस्तरल्या तिनं. बाराव्या चुकीवर पट्टा बसला तो हलेचना. ओळ चारशे सतरा. तिथं एक चाचणी होती: अचानक वीज गेली तर दार आपसूक उघडतं का? उघडत नव्हतं.

रात्री दहाला तिचा साहेब हितेंद्र बॅग उचलून निघाला. "अरे, ती टेस्ट बंद करून टाक ना. उद्या काय लाइट जाणारेय का?"

"सर, पण गेली तर माणसं आत..."

"डेमोनंतर बघू गं."

ती तरी बसली. साडेअकरापर्यंत बसली. मग धम्मपालचा फोन. मागून पोरीचा टाहो.

"बाटली घेत नाही गं. चमच्यानं दिलं तर थुंकते. रडून रडून निळी पडलीय. कधी निघतेस?"

वैशालीची छाती दगडासारखी झालेली, कुर्ता पुढून ओला. बायांनो, तुम्हाला सांगायला नको.

"निघालेच," ती म्हणाली.

आणि तिनं ती चाचणी बंद करून टाकली. चूक सुधारली नाही हं, चूक शोधणारीचं तोंडच बंद केलं. पट्टा गेला. यादी रिकामी. कॉम्प्युटर मिटला, ओढणी गळ्यात टाकली, दाराशी आली. कार्ड लावलं.

लाल दिवा.

पुन्हा लावलं. लाल.

तिनं खाली वॉचमनला फोन केला. "धोंडूकाका, सहाव्याचं दार उघडा ना."

"कोण बोलतंय?"

"मी वैशाली."

"काय मस्करी करताय मॅडम? अकरा बावन्नला बाहेर पडलात तुम्ही. स्क्रीनवर आहे माझ्यासमोर."

"काका, मी आत आहे. दारातच उभी आहे."

धोंडूनं स्क्रीन पुन्हा पाहिली. "आत एक माणूस दाखवतंय खरं. पण ते तुम्ही नाही."

"मग कोण?"

"नाव नाही हो. नुसता नंबर आहे. चारशे सतरा."

तिच्या हातातला फोन गार लागायला लागला.

धोंडू वर आला. काचेपलीकडे उभा. त्याचं कार्ड लावलं, लाल. मग त्यानं मान वर केली आणि बघत राहिला. तिच्याकडे नाही... तिच्या मागे.

"काका, काय बघताय?"

"चावी आणतो," म्हणाला. पाठ न वळवता मागे मागे लिफ्टपर्यंत गेला. तो पुन्हा वर आला नाही.

वैशाली वळली. कुणी नव्हतं. ओळीनं टेबलं, ओळीनं खुर्च्या. पण तिनं मिटलेला कॉम्प्युटर... उघडा होता.

ती जवळ गेली. यादी रिकामीच होती. रिकाम्या यादीत पिवळा पट्टा. त्यात शब्द नाहीत. नुसता आकडा.

चारशे सतरा.

तिनं बटण दाबून पट्टा वर नेला. परत आला. खाली नेला. परत आला. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. पट्टा तिथंच.

मग दिवे गेले. एकदम नाही. दाराकडची रांग आधी. मग मधली. मग तिच्या डोक्यावरची. उरला तेवढा पिवळा उजेड.

वास आला. कांजीचा. कोऱ्या कापडाचा.

फोन थरथरत होता. धम्मपाल. तिला उचलवेना. दूध पाझरत होतं. घर एका पुलापलीकडे, आणि ती काचेत.

ओढणीचं टोक कुणीतरी ओढलं. हलकेच. एकदा.

तिनं मागे पाहिलं नाही.

बसली. बंद केलेली चाचणी तिनं पुन्हा उघडली. चूक परत आली, पट्टा तिच्यावर नीट बसला. या वेळी तिनं ओळ शब्द न् शब्द वाचली. आणि दिसलं. वीज गेली तरी दार आधी नाव विचारत होतं. ज्याचं नाव आत असल्याची नोंद नाही, त्याला सोडायचं नाही. हा हुकूम तिनंच लिहिलेला, पहिल्या महिन्यात, घाईत.

तिनं तो पुसला. नवा लिहिला. अंधार झाला की दारानं नाव विचारायचं नाही. जो असेल त्याला सोडायचं.

बटण दाबलं.

पट्टा तसाच...

तसाच...

गेला.

दाराशी टक् झालं. हिरवा दिवा. दार हळूच उघडलं, कुणीतरी ढकलावं तसं. उघडं राहिलं, एक माणूस जाईल इतका वेळ. मिटत आलं.

मग वैशाली पळाली.

खाली धोंडू खुर्चीत बसला होता. एक चाळीस झालेले. तिच्याकडे न बघता म्हणाला, "आता आत कुणी नाही. तो गेला, मग तुम्ही."

घरी आली ती चपला न काढता पोरीला जवळ घेतलं. पोर हुंदके देत देत पिऊ लागली. धम्मपाल विचारत राहिला, कुठं होतीस, फोन का नाही घेतलास.

सीताराम आजोबा जागेच होते. त्यांचं लक्ष ओढणीकडे गेलं. किनारीला लाल दोरा. दोन वेढे, एक गाठ. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"चारशे सतरा?" त्यांनी विचारलं.

अजून कुणाला काही बोललीच नव्हती हो ती.

"तुझं दार उघडलं ना?"

तिनं मान डोलावली.

"बरं झालं," आजोबा म्हणाले. मग म्हणाले, "मिलमधली वीज गेली त्या रात्री त्याचं नाही उघडलं..." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

दोरा त्यांनी सोडू दिला नाही. ओढणी अजून खुंटीला आहे. नवी कोरी, दादरहून त्याच आठवड्यात आणलेली. मी स्वतः ती गॅलरीत उजेडाला धरून पाहिली, गाठीपासून पार दुसऱ्या किनारीपर्यंत.

कापडात कुठंही धागा चुकलेला नाही.