मागची ऊब

डिझेलची गाडी तापायला वेळ घेते, हे मला कुणी सांगायला नको. मी एका इस्पितळाचे बॉयलर सांभाळते. पाणी कुठे तापतं, कुठे निवतं आणि मधल्या वाटेत ऊब कुठे गळते, हे शोधण्यावरच माझं पोट आहे. ऊब नाहीशी होत नसते, ती कुठेतरी जाते. त्यामुळे आईच्या गाडीचा तापमानाचा काटा तळालाच चिकटून राहतोय असं कळल्यावर मी घाबरले नाही, नुसती वैतागले.

गाडी म्हणजे आमची जुनी कॅम्पर व्हॅन. पुढे दोन सीटा, मध्ये पातळ फळीची भिंत, मागे बिछाना, ओटा आणि शेगडी. बाबा गावोगाव फिरून कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचे. धार लावणाऱ्यानं हात जपावे लागतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गाडी आई चालवायची. ऐन थंडीत काच पुसत पुसत ती गाडी हाकायची आणि बाबा मागे पांघरुणात. आईची बोटं त्यातच अधू झाली. आता जरा गार वारा लागला की ती पांढरी पडतात, टोकांना जखमा होतात. आणखी एक हिवाळा असाच काढलात तर बोटं ठेवता येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. बाबा उन्हाळ्यात गेले. जाताना त्यांच्या हातावर साधा ओरखडाही नव्हता.

घाटापलीकडून मावशीनं बोलावलं होतं. तिचं घर लहान, पण अंगण मोठं. "गाडी अंगणात लाव, तिच्यातच राहा आणि जेवायला घरात ये," असा तिचा निरोप. आईला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळणार होती. फक्त ती खोली गरम हवी होती, आणि घाट ओलांडेपर्यंत आईची बोटंही.

"थर्मोस्टॅट अडकला असणार," गॅरेजातला मिस्त्री म्हणाला. माझाही तोच अंदाज होता. इंजिन तापेपर्यंत पाणी आतल्या आत फिरवत ठेवणारी ही एवढीशी झडप. ती उघडीच राहिली की पाणी रेडिएटरकडे पळतं आणि गार होऊन परत येतं. मिस्त्रीनं ती काढून उकळत्या पाण्यात टाकली. गरम पाण्यात उघडली, गार पाण्यात मिटली, अगदी शहाण्यासारखी. तरी आम्ही नवी बसवली. हवा अडकली असेल म्हणून गाडी चढावर उभी करून हवा काढली. पुढचा हीटर धुतला. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावला. काटा ढिम्म.

मग मला बाबांचा हीटर आठवला.

बाबांनी बिछान्याखाली दुसरा हीटर बसवून घेतला होता. इंजिनाचं गरम पाणी गाडीच्या तळातून दोन पाइपांनी मागे यायचं. त्याचा नळ त्यांनी उशाशी ठेवला होता, झोपल्या झोपल्या हात पोचेल असा. पुढे आईच्या पायाशी ऊब कधी यायची? मागे बाबांना उकडायला लागलं की. मी लहानपणी पुढच्या सीटवर मधल्या भिंतीला पाठ टेकून बसायचे. पाठ गरम, आणि शेजारी आईच्या तोंडातून वाफा. बाबांना कधी कुणी एका शब्दानं बोललं नाही. मी तर मुळीच नाही.

"सापडला चोर," मी म्हणाले आणि नळ बंद केला. काटा हलला नाही. नळ गळका असेल म्हणून दोन्ही पाइप कापून तोंडं बुजवली. शेवटी मिस्त्रीनं तो हीटरच उपटून जमिनीवर टाकला.

इंजिन चालू ठेवून मी मागे गेले. हातात कामावरचं यंत्र होतं, नेम धरला की तापमान दाखवणारं. ओटा गार. भिंती गार. बिछाना मात्र गरम होता. सगळा नव्हे. उशीपासून खाली, एक माणूस कुशीवर झोपेल तेवढाच. कडेला हात नेला की पुन्हा गार. मागच्या काचेवर आतून वाफ धरली होती.

मिस्त्रीनं तिथे हात लावला आणि मग तो बराच वेळ चिंधीला पुसत राहिला.

"ताई, पाइपात पाणी नाहीये. मीच काढलंय."

"मला दिसतंय."

"मग हे येतंय कुठून?"

मला ठाऊक असतं तर सांगितलं असतंच ना.

आई ड्रायव्हरच्या सीटवर हातमोजे घालून बसली होती. तिला कसलंच नवल वाटलं नाही. "त्यांना थंडी सोसत नाही," ती म्हणाली.

माझं टाळकं सटकलं. "आई, बाबा गेलेत."

"मी कुठे नाही म्हणते?"

मी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, पुन्हा एकदा चालू कर. आईनं चावीला हात घालण्याआधी मागे वळून भिंतीवर दोनदा टकटक केलं. ही आमच्या गाडीची रीत. चहाचा पेला हातात धरा, निघतोय, असं बाबांना कळवायचं. त्यांनी आतून एक ठोका दिला की निघायचं. मी इतकी वर्षं ते ऐकत आले होते, की आता आई ते कुणासाठी करते आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हे आजपासून बंद," मी म्हणाले.

"अंगवळणी पडलंय गं."

"माझ्यासाठी बंद कर. न वाजवता गाडी चालू कर."

बोलेपर्यंत तिनं इंजिन चालू केलं होतं; मी ते पुन्हा बंद केलं. आईनं वाजवायचा हात मांडीवर घट्ट दाबून ठेवला आणि दुसऱ्या हातानं चावी फिरवली.

काटा उचलला गेला. हळूहळू, पण उचलला गेला. आईच्या पायाशी गरम वारा आला.

"अडकलेली हवा निघाली असणार," मिस्त्री म्हणाला. आम्ही दोघांनी ते घाईघाईनं मान्य करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर निघालो, न वाजवता. घाटात दोन्ही बाजूंना दव गोठलं होतं, पण आईनं हातमोजे काढून ठेवले. बोटांवर लाली आली होती. "एवढी ऊब मला लग्नातसुद्धा मिळाली नव्हती," ती म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली. एका वळणावर थांबलो तेव्हा मी मागे जाऊन बिछान्यावर हात ठेवला. गारढोण. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, सूड उगवल्यासारखं बरं वाटलं.

दुपारी मावशीच्या अंगणात शिरलो. मावशी दारात उभी राहून हात हलवत होती. आईनं इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला, मागे वळली आणि भिंतीवर दोनदा टकटक केलं.

पोचलो, उठा. निघतानाचं मी बंद करवलं होतं. पोचल्यावरचं माझ्या ध्यानातच नव्हतं.

आईनं हात तोंडावर नेला. "चुकून झालं गं."

मी दार उघडायला हात घातला.

मागून, उशीच्या उंचीवरून, एक ठोका आला.

"इंजिन निवताना पत्रा वाजतो," मी म्हणाले. वाजतो खरंच. पण ती भिंत फळीची आहे.

उभ्या गाडीसाठी मी वेगळा छोटा हीटर आणला होता. तो बसवला, चालवून पाहिला. आईला म्हणाले, आजचा दिवस घरात झोप. ती ऐकेना. "माझी खोली आहे ना ती?" आणि ठोक्याला घाबरून मी तिला तिच्या पहिल्यावहिल्या खोलीतून कोणत्या तोंडानं बाहेर काढणार होते?

सकाळी चहा घेऊन गेले. गाडीत इतकं गरम होतं की मला शाल काढावी लागली. हीटर चोख चालला होता.

आई बिछान्याच्या अगदी कडेला, अंग चोरून पडली होती. जागी होती. तिची बोटं पांढरी होती. मनगटंही. कोपरापर्यंत हात पांढरे होते.

मी धरले. त्यात जिवंत माणसाची ऊब नव्हती.

मग मी तिच्या पलीकडे, मोकळ्या जागेवर हात ठेवला. चटका बसेल इतकी गादी तापली होती.

"आई, ऊठ. घरात चल. आत्ताच्या आत्ता."

"हळू बोल," आई म्हणाली. "आत्ता कुठे त्यांचा डोळा लागलाय."

तिची बोटं मिटत नव्हती. दोन्ही मनगटांत धरून तिनं स्वतःच्या अंगावरचं पांघरूण काढलं, पलीकडे पसरलं, आणि कडेनं नीट खोचून दिलं.