ब्याऐंशी सालचा कोंबडा

“माझा जन्मच अजून व्हायचाय म्हणे! मग इथे कोण उभं आहे? माझं भूत?”

तैवानमधल्या लुकांग गावी, दर्यावर्दींची देवी माझूआई हिच्या देवळात नव्या वर्षाच्या दिव्यांची नोंदणी चालली होती; ज्याच्या-त्याच्या नावानं आणि जन्मसालानं दिवा लागतो. आ-ग्वान आत्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर आपटला. त्यांच्या मागे त्यांचा भाचा उभा होता, बो-चुन. देवळासाठी उदबत्त्या वळायचा. हातांना चंदनाची पूड आणि ओठांत कोंडलेलं हसू.

“आत्या, जन्माआधीच एवढा आवाज? जन्मल्यावर आमचं काय होणार?”

मला हसू फुटलं... आणि तिथेच विरलं. कारण देवळाचं ते संकेतस्थळ मीच बनवलं होतं.

चूक साधी होती. आमच्याकडे साल प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासून, म्हणजे एकोणीसशे बारापासून मोजतात; आत्यांचं एक्केचाळीस, म्हणजे इसवी एकोणीसशे बावन्न. मी मात्र पीएचपी या संगणकभाषेतल्या एका तयार फंक्शनवर विसंबले होते. कसलीही तारीख द्या, ते तिचा संगणकाला हवा तसा सेकंदांचा आकडा करून देतं, कुणाला काही न विचारता. एक्केचाळीस दिसलं, की ते बेधडक दोन हजार एक्केचाळीस धरतं. ब्याऐंशीचं एकोणीसशे ब्याऐंशी. तपासताना मी घातली माझीच तारीख, आणि तीही संगणकवाल्यांच्या सवयीनं इसवी सनात. सगळं छान चाललंय असंच वाटलं!

“मग सरसकट बदलून टाका ना,” बो-चुन म्हणाला.

“कुणी खरंच इसवी सनातलं ब्याऐंशी लिहिलं असेल तर? माझूआईपुढे चुकीच्या सालाचा दिवा लागायचा. प्रत्येकाला फोन करून विचारायला हवं.”

“मी करतो मदत, यी-रोंग.”

“उदबत्त्या नाही का वळायच्या?”

“वाळत घातल्यात. हवा दमट आहे... वेळ लागेल.”

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

दुसऱ्या दिवशीही हवा ‘दमट’च होती. तिसऱ्याही. फोनवर तो म्हाताऱ्यांना असा बोलता करायचा, की सालाबरोबर गुडघेदुखी, सुना, सगळं कळायचं. संध्याकाळी अंगणात माझूआईची कथा गायला मंडळी बसली, की तो मागून सूर धरायचा. माझी बोटं कळफलकावर थांबून राहायची. वादळात नावाड्यांसाठी दिवा घेऊन किनाऱ्यावर उभी राहिलेली, पुढे देवी झालेली ती मुलगी... दर वेळी डोळे भरून यायचे.

“तुमचं साल कुठलं?” एकदा त्यानं विचारलं.

“बायकांना वय विचारतात?”

“मी कुठे? देवळाचं काम आहे.”

“नव्व्याण्णव. इसवी.”

“अच्छा...” त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.

“आणि तुमचं? थांबा, नका सांगू. यादीत येईलच.”

त्याच दुपारी आत्या, लग्न ठरल्यावर वाटतात त्या बिस्किटांचा पुडा नाचवत आल्या. संकेतस्थळावर जोडी जुळवायचंही एक पान होतं. तिथे त्यांनी आमच्या दोघांच्या तारखा घातल्या होत्या, माझी इसवी सनातली, बो-चुनची ब्याऐंशी सालातली.

“पडद्यावर फुलांचा पाऊस पडला गं पोरी! अत्युत्तम जोडी म्हणतंय!”

“आत्या, त्यानंच तुम्हाला अजून जन्माला घातलं नाहीये,” मी लाजून म्हटलं.

“माझ्या बाबतीत चुकलं. तुमच्या बाबतीत बरोबर बोलतंय!”

दोन दिवसांनी मी दुरुस्ती चढवली. आणि लगेच ते जोडीचं पान उघडलं. फुलं गेली होती. आमच्याकडे प्रत्येक सालाचा एक प्राणी असतो: माझा ससा; बो-चुनला यंत्रानं एकोणीसशे ब्याऐंशीचा कुत्रा धरलं होतं, पण त्याचं ब्याऐंशी म्हणजे इसवी त्र्याण्णव, कोंबड्याचं साल. सशाचं कुत्र्याशी उत्तम जमतं, कोंबड्याशी मात्र वैर. ठरलेली लग्नं मोडतात अशानं.

गप्प बसता आलं असतं... पण आत्या अख्ख्या गल्लीत बिस्किटं वाटत होत्या. आधी मी त्याला गाठलं.

“बो-चुन, ते... ती फुलं खोटी होती.”

“माहीत आहे.”

“काय?”

“कोंबडा आहे मी, जन्मापासून. तू नव्व्याण्णव म्हणालीस तेव्हाच कळलं.” त्यानं पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं. “बोलणार होतो. पण त्या फुलांत आत्या इतकी खूश होती... आणि मीही.”

आत्यांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या गाभाऱ्याकडे वळल्या.

“यंत्राला काय विचारत बसलो आपण!” मग पदर खोचावा तशा बाह्या सारत त्या उठल्या. “आईलाच विचारू. ती नाही म्हणाली, तर विषय संपला. कबूल?”

देवीचा कौल लावायचे, चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे त्यांनी भाच्याच्या हातात कोंबले. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. त्यानं काहीतरी पुटपुटत टाकले. दोन्ही उताणे.

“आई हसतेय!” आत्या ओरडल्या. “प्रश्नच धड नसणार. काय विचारलंस रे?”

“सगळं ठीक होईल ना, म्हणून...”

“सगळं म्हणजे काय? डोंबल? नाव घे, साल सांग, काय हवंय ते मोठ्यानं बोल!”

त्यानं ठोकळे पुन्हा उचलले. कान लालबुंद.

“आई, मी बो-चुन. साल ब्याऐंशी. मला यी-रोंग आवडते. तिच्याशी लग्न करायचंय, पण तिला—” तो अडखळला. माझ्याकडे वळला. “हे तर आधी तुलाच विचारायला हवं होतं... नाही का?”

“विचार की मग.”

“करशील?”

“हो,” मी म्हटलं. आवाज माझाच होता का, कुणास ठाऊक.

“टाक आता!” आत्या.

ठोकळे फरशीवर खणखणले. घरंगळले. थांबले.

“अरे, खाली बघा! हो म्हणाली! आई हो म्हणाली!” आत्या आनंदानं कपाळ टेकत होत्या.

आम्हाला खाली बघायला जरा उशीरच झाला.