एका दुपारचे एकेचाळीस उल्लेख

माझ्या खोलीतलं नेट बंद होतं म्हणून मी ग्रंथालयात गेले, आणि कोपऱ्यातल्या संगणकावर मला माझंच नाव दिसलं.

समोर एक उंच, सावळा मुलगा बसला होता. एका हातात पेन, दुसऱ्यात अर्धा खाल्लेला पेरू.

"हे... काय करून राह्यले तुम्ही?"

त्यानं दचकून पेरू मागे लपवला. "ह्या माधवी ताकसांडे मॅडमचे उल्लेख मोजून राह्यलो. तीन निघाले."

"फक्त तीन?"

त्यानं वर पाहिलं. डोळे मोठे झाले. "तुम्हीच काय मॅडम?"

"हाव. मीच ती तीनवाली."

तो हसला, आणि उगाचच मलाही हसू आलं.

धम्मदीप नगराळे. आमच्या संस्थेत नुकताच लागलेला ग्रंथालय सहायक, राहायला पिपरी मेघेत. आमची संस्था वर्ध्याबाहेर, ग्रामीण आरोग्यावर काम करणारी. त्याच्याकडे नवं काम आलं होतं. एखाद्या शोधनिबंधाचा दाखला दुसऱ्या संशोधकांनी दिला की नाही हे कळायला दोन-तीन वर्षं जातात. पण त्याच्याबद्दल बातमी आली, ब्लॉगवर कोणी लिहिलं, समाजमाध्यमांवर कोणी चार शब्द टाकले, तर ते लगेच मोजता येतं. संस्थेतल्या प्रत्येक निबंधाचे असे ऑनलाइन उल्लेख मोजून त्याला अहवाल द्यायचा होता.

माझा निबंध कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांवर होता. सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं कशी फाटतात, जखमा कशा चिघळतात आणि साध्या कापडी बोटमोज्यांनी त्या किती कमी होतात, यावर. दोन हंगाम मी देवळीच्या शेतांमधून फिरले होते. फेब्रुवारीत माझी नेमणूक संपत होती. पुढची दोन वर्षं आम्हा संशोधकांपैकी एकालाच मिळणार होती, आणि निवड करताना समिती धम्मदीपचा अहवाल बघणार होती.

तेव्हापासून मला चैन पडेना. सकाळी चहाआधी मी तो आकडा बघायची. मग जेवताना. मग उगाच. तीन. तीन. तीन.

"पुन्हा आल्या?" धम्मदीप विचारायचा.

"पुस्तक पाहिजे होतं."

"कोणतं?"

"...कोणतंही."

मग तो खुर्ची सरकवायचा. "आकडा फक्त एवढंच सांगते का लोक बोलून राह्यले. चांगलं बोलतात का वाईट, वाचून बोलतात का न वाचता, ते नाई सांगत," तो समजवायचा. मी ऐकायची, म्हणजे ऐकल्यासारखं करायची. बोलताना तो पेनाचं टोपण काढायचा, लावायचा, काढायचा... त्याच्याकडे बघता बघता मी किती वेळ आकडा बघितलाच नाही, हे मला खोलीवर गेल्यावर कळायचं. पंधरा दिवसांत 'मॅडम' गेलं, 'माधवी' आलं. 'तुम्ही' कधी गेलं ते आठवत नाही.

डिसेंबरातल्या एका ढगाळ दुपारी आकडा उडाला. चव्वेचाळीस!

मी जवळजवळ पळतच ग्रंथालयात गेले. "पाह्यलं काय? एका दुपारी एकेचाळीस!"

तो हसला नाही. पेन टेबलावर ठेवून म्हणाला, "पाह्यलं. बस जरा."

"काऊन? काय झालं?"

"सगळी खाती कालचीच उघडलेली. सगळ्यांचा फोटो फुलाचा. वाक्य एकच, अन् त्यातली चूकही एकच. माधवी... खोटी खाती असली की असंच दिसते. मले त्यांच्यापुढे 'संशयास्पद' लिहा लागन."

माझे कान तापले. "तुले वाटते, मी केलं हे?"

"मी असं नाई म्हटलं."

"मग काय म्हटलं? दोन वर्षांचा प्रश्न आहे माझ्या! एक शब्द नाई लिहिला त काय बिघडते?"

त्यानं टेबलावरचं पेन उचललं. "बिघडते," एवढंच म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी रागानं निघाले. रात्रभर थंडीतही तगमग झाली. त्याचा राग, माझा राग, आणि सगळ्यांत जास्त राग या गोष्टीचा, की त्याचं म्हणणं बरोबर होतं. सकाळी ती एकेचाळीस नावं मी नीट वाचली. विमलाबाई. मोहिनी. काजल... ही नावं मला माहीत होती!

धम्मदीप फाटकाशीच भेटला. त्याचेही डोळे तांबारलेले.

"देवळीले चालतं काय?" मी विचारलं. "आत्ता."

त्यानं काही न विचारता मोटारसायकल वळवली. आभाळ खाली आलं होतं, वारा बोचत होता. मी मागे दांडी घट्ट धरून बसले. एका खड्ड्याशी माझा हात त्याच्या खांद्यावर गेला आणि देवळीपर्यंत तिथंच राहिला.

शेतात बाया घाईघाईनं कापूस वेचत होत्या. अवकाळी पाऊस यायच्या आत माल घरी न्यायचा होता. माझी मोठी बहीण छायाताई त्यांच्यातच होती. बचत गटाची अध्यक्षही तीच.

"ताई, नेटवर माझ्याबद्दल तुम्ही टाकलं?"

"मंग! तूच त फोनवर रडली, तीनच लोक बोलले म्हणून." छायाताईनं कापसानं भरलेली ओटी सावरली. "आमच्या बोटाइवर लिहिलं, न् आम्हीच नाई बोलाव काय? सगळ्याइले खाते उघडून देल्ले. वाक्य म्या लिहिलं."

धम्मदीपनं हळूच विचारलं, "ताई, फोटो फुलाचेच काऊन?"

"बायाइचे फोटो टाकले त घरचे बोंबलत नाई काय, भाऊ?"

बाया खदखदून हसल्या. मग विमलाबाई म्हणाल्या, "पण माधवी, त्यात लिहिलं काय हाये वं? आमाले इंग्रजी कुठी येते?"

मला मान खाली घालावीशी वाटली. दोन हंगाम यांची बोटं मोजली, आणि निकाल यांना सांगितलाच नव्हता. मी बांधावर बसले, मोबाइलवर निबंध उघडला आणि एकेक ओळ वऱ्हाडीत सांगत गेले. बाया वेचता वेचता ऐकत होत्या. मध्येच एकीनं विचारलं, "बोटमोजे घातले त वेचाले टाइम जास्त लागते, ते लिहिलं काय?" ते मी लिहिलं नव्हतं. धम्मदीपनं ते खिशातल्या कागदावर टिपून घेतलं, आणि मान वर न करता म्हणाला, "हे समितीपुढं बोलजो."

बोलले. धम्मदीपनं 'संशयास्पद' खोडलं होतं, पण एकेचाळीस उल्लेख एकूण आकड्यात धरले नव्हते. ते वेगळे दाखवून पुढे लिहिलं होतं: खाती खरी, निबंधातल्याच स्त्रियांची, संशोधिकेच्या बहिणीच्या सांगण्यावरून. मी समितीसमोर तेच सांगितलं, आणि बोटमोज्यांनी वेचणी मंदावते हे माझ्याकडून सुटलं, हेही.

दोन वर्षं दुसऱ्याला मिळाली. मला मिळाला एक हंगाम, पुढचा. त्या बायांना विचारून नवे बोटमोजे करायचे, आणि निकाल आधी मराठीत लिहायचा. मधले महिने बिनपगारी.

बाहेर आले तर तो पायऱ्यांवर उभा होता. दारातून ऐकलं असावं.

"धम्मदीप, खरं सांग. मी इथंच राहावं असं वाटत होतं काय तुले?"

"हाव." लगेच. मग हळू, "पहिल्या दिवसापासून."

"मग तो शेरा लिहाले काऊन निघाला होता?"

तो पायरीकडे बघत राहिला. "न लिहिता तू राह्यली असती, त मले रोज तुझ्या डोळ्यात पाहता आलं नसतं. न् मले... जन्मभर पाहाचं होतं."

मी एक पायरी उतरले. आता आमचे चेहरे एका उंचीवर होते.

"मग पाह्य ना," मी म्हटलं. "पायरीकडे काय पाहून राह्यला?"

त्यानं मान वर केली.