रिकामा पंप

तो धावतच दारात आला, तेव्हा सिस्टर पेशंटांना दम्याचा पंप कसा ओढायचा ते दाखवत होती.

"सगळ्यात गंभीर पेशंट कोण? सकाळपासून चाळीस वेळा पंप दाबलाय त्यांनी..."

तो रुग्णालयाच्या संगणक विभागातला. पेशंटांच्या पंपावर मोजणी करणारी टोपी असायची आणि तिचे आकडे थेट त्याच्या मोबाइलवर यायचे. सिस्टरने हातातला पंप वर धरला. शिकवण्यापुरता, औषध नसलेला. टोपी मात्र खरी, तिच्याच नावावरची.

"ती पेशंट मीच," ती म्हणाली. "पण धाप तर तुम्हाला लागलीय."

सगळा वर्ग हसला. त्याचे कान लाल झाले, तरी तो गेला नाही. मागच्या बाकावर बसला. दुसऱ्या दिवशीही आला. दम्याचा पत्ता नाही, पण सबब रोज नवी. ती बघायची, आणि बघितलंच नाही असं दाखवायची.

मग रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी खर्च कमी करायला तिच्या वर्गालाच कुलूप ठोकलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! सिस्टर पेटून उठली. पंप नीट ओढता आला नाही तर औषध घशातच राहतं आणि माणूस तातडीच्या विभागात येऊन पडतो, हे तिने कितीदा पाहिलं होतं. तिने वर्ग जिन्यात भरवला.

साहेब तिथेही आले. "सिस्टर, नोकरी नकोय वाटतं?"

"हवीय. म्हणून तर शिकवतेय."

खालच्या पायरीवरून तो उठला. "साहेब, यांच्याकडे शिकलेले पेशंट तातडीच्या विभागात इतरांच्या निम्म्यानेही येत नाहीत. खरा खर्च तिथला आहे. माझ्या अहवालात तेच लिहिलंय, आणि मी ते बदलणार नाही."

"मग तुम्हीही बसा जिन्यात."

"बसलोच आहे," तो म्हणाला, आणि खरंच पुन्हा बसला.

साहेब पाय आपटत गेले. खोलीचं कुलूप तसंच राहिलं, आणि जिन्यातला वर्गही.

रविवारी वर्ग नसायचा. तरी त्या सकाळी त्याच्या मोबाइलवर तिच्या नावापुढे एक आकडा उमटला. एकच. त्याचा फोन लगेच आला.

"तब्येत... बरी आहे ना तुमची?"

"नाही."

"पण तो पंप तर रिकामा आहे—"

"माहितीय. तुला बोलवायला दुसरं काही सुचलं नाही."

पलीकडे पायात चपला सरकवल्याचा आवाज.

"सावकाश ये," ती म्हणाली. "धाप लागेल."