अक्रोडाचा डावखुरा दस्ता

तेवीस वर्षं मी रानमेंढ्याच्या शिकारीच्या परवान्यासाठी अर्ज करत होते. अमेरिकेतल्या आमच्या मोंटानात हा परवाना सोडतीने मिळतो आणि लागला तर बहुधा जन्मात एकदाच. जूनमध्ये पाकीट आलं ते मी टपालपेटीपाशीच फोडलं आणि भर रस्त्यात नाचले. पन्नाशीला टेकलेली, जिल्ह्याच्या जमिनी मोजणारी सरकारी बाई मी! शेजारचा कुत्रासुद्धा भुंकायचा थांबला, असं माझा नवरा वेंडेल अजून सांगतो.

हंगाम पंधरा सप्टेंबरला उघडणार होता. सात तारखेला आम्ही डोंगर पाहून यायला निघालो, आणि ज्या बाजूला रायफल बांधू नको म्हणून मी बजावलं होतं, त्याच बाजूला वेंडेलने ती खेचरावर बांधली. खेचर लोळलं. नळी शाबूत राहिली, पण खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता मुठीपाशी आरपार चिरला.

वेंडेलने आपली रायफल देऊ केली. ती उजव्या हाताची. मी पडले डावखुरी. ती डाव्या खांद्याला लावून, पलीकडचा बोल्ट चाचपडत दुसरी गोळी भरेपर्यंत मेंढा कॅनडात पोचला असता, असं मी त्याला सुनावलं. डावखुरा दस्ता मागवायचा तर दोन महिने. हातात दिवस आठ.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ओरिन स्टबकडे गेले. ओरिन ऐंशीच्या पुढचा, छातीपर्यंत पांढरी दाढी. खोऱ्यातल्या निम्म्या बंदुकांचे दस्ते त्याने घडवलेले. बोलतो कमी आणि बोलला की टोमणाच.

"डावखुरे तीन आहेत," तो म्हणाला. "दोन घेण्यासारखे."

पहिला काळ्या फायबरचा. हलका, पावसापाण्यात न फुगणारा, आणि दिसायला नळाच्या पाइपासारखा. दुसरा चिकटवलेल्या पट्ट्यांचा. तो मजबूत होता, पण डोंगर चढताना माझा जीव घेईल इतका जड. तिसरा फळीवर मागे, फडक्यात गुंडाळलेला. तो मी स्वतःच काढला. अक्रोडाचा, मधासारख्या रंगाचा. मूठ नुसती धरली आणि माझ्या तोंडून हसू फुटलं.

मी पेशाने मोजणारी. कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंत माझं माप साडेतेरा इंच आणि वर एक सूत. टेप लावली. साडेतेरा इंच, एक सूत. गाल टेकायची उंची तीच, खांद्याकडचा बाकही तोच. मी आनंदाने टेप पुन्हा लावून पाहिली.

ओरिनला आनंद झालेला नव्हता. त्याने सांगितलं, हा दस्ता लायल नावाच्या माणसासाठी केलेला. त्यालाही मेंढ्याचा परवाना लागला होता. शेवटच्या मापाला तो आलाच नाही, डोंगर पाहायला गेला तो गेलाच. याला तीस वर्षं झाली.

"फायबरचा घे, व्हर्ना."

"माझ्यासाठीच ओतल्यासारखा बसलाय तो, ओरिन. मेलेल्याचा कोट लोक घालतातच की."

"कोट परत मागत नाही कोणी," तो म्हणाला. पण त्याने अक्रोडाचा दस्ता उचलला.

दुपारपर्यंत त्याने माझी नळी त्यात बसवली. मग गालाच्या उंचवट्यावर दिव्याची काजळी तेलात कालवून ब्रशने लावली. ओरिनचं शेवटचं माप असंच असतं. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची. काजळी जिथून उठते तिथे तुमचा गाल टेकतो, मग तेवढंच लाकूड तासायचं. काजळी जरा सुकू द्यावी म्हणून रायफल पकडीत ठेवून आम्ही पुढच्या खोलीत कॉफी प्यायला गेलो. कारखान्याला दार ते एकच आणि ते आमच्यासमोर. मी पाच मिनिटं अखंड मेंढ्यांबद्दल बोलत होते.

परत आलो तर काजळी उठलेली होती.

लांबट, अरुंद गालाचा ठसा होता. त्यात बारीक बारीक ठिपके, चार दिवस दाढी न केलेल्या गालाचे. ओरिनच्या दाढीतून असा ठसा उमटणं शक्य नव्हतं. मी चक्क टेप लावली: ठसा पावणेतीन इंच. ओरिनने तो पुसला आणि नवी काजळी लावली. मी डोळे मिटून रायफल उचलली. माझा ठसा रुंद आणि गुळगुळीत आला, बरोब्बर त्याच जागी.

"तासायला काही नाही," ओरिन म्हणाला.

मी ब्रशला, तेलाला, त्याच्या म्हाताऱ्या हाताला दोष दिला. नेमबाजीच्या मैदानावर शंभर वार अंतरावरून तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या, तेव्हा तर मी ते विसरूनही गेले. आयुष्यात इतकी नीट मी कधी मारली नव्हती.

पंधराच्या सकाळी वेंडेल खेचराजवळ खाली थांबला आणि मी एकटी कड्यावर चढले. ऊन होतं. वारा तोंडावर. दहाच्या सुमारास समोरच्या घळीत तो आला. शिंगं पूर्ण वळून पुन्हा डोळ्याशी आलेली. माझं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की त्याला ऐकू जाईल असं वाटलं.

मी पालथी पडले. गाल टेकला.

लाकूड कोमट होतं. नुकतंच कोणी तिथून तोंड उचलल्यासारखं.

माझं बोट चापावर नव्हतं. श्वास स्थिर होईपर्यंत मी ते बाहेरच ठेवते, वडिलांनी लावलेली सवय. मी अजून श्वासच मोजत होते.

गोळी सुटली.

मेंढा गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला.

मी बोल्ट ओढला. रिकामं काडतूस बाहेर पडलं, गरम.

नियम असा, की जनावर पडल्यावर तिथेच परवान्यावरचा महिना आणि दिवस चाकूने कापून काढायचा. परवाना माझ्या आतल्या खिशात, चेन लावून. मी तो उलगडला. सप्टेंबर कापलेला होता. पंधराही. कोपऱ्यावर काजळीचा अंगठा होता, माझ्या अंगठ्याच्या दीडपट रुंद.

भीती नंतर वाटली. आधी राग आला, मग रडू. तेवीस वर्षं वाट पाहिली ती मी, आणि तो दिवस दुसरंच कोणी तरी जगून गेलं. वेंडेल धापा टाकत वर आला, मला मिठी मारली, माझ्या डोळ्यांतलं पाणी त्याला आनंदाचं वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी रायफल ओरिनच्या टेबलावर ठेवली. हा काढ, फायबरचा लाव, म्हटलं.

"एका गोळीत?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

"मग झालं त्याचं," ओरिन म्हणाला. इतका हलका झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तासाभरात काळा दस्ता बसला. काळ्यावर काळं दिसत नाही म्हणून ओरिनने त्यावर पांढरी पट्टी चिकटवली, पट्टीवर काजळी फिरवली. मी डोळे मिटले, रायफल डाव्या खांद्याला लावली आणि गाल घट्ट दाबला. थंड, चिकट काजळी मला नीट जाणवली.

डोळे उघडले तेव्हा ओरिन पट्टीकडे पाहत होता.

"पुन्हा," तो म्हणाला.

मी पुन्हा दाबला. आणखी जोरात.

त्याने भिंतीवरचा आरसा काढून माझ्यासमोर धरला. माझा गाल स्वच्छ होता. पट्टीवरची काजळी सलग होती, ब्रशच्या रेघांसकट, जशी त्याने लावली होती तशीच. लायलचा ठसा उमटला होता, माझा उमटत नव्हता.