सोळानंतर अठरा

बसा, चहा येतोय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हे मी बायकोलासुद्धा धड सांगितलेलं नाही. आधीच सांगून ठेवतो, भूतबित, करणी, बाहेरचं, असल्या भानगडी आमच्या घरात कधी नव्हत्या. आमचे वडील, आबा, पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. तीस वर्षं कालव्यावर एकट्यानं रात्री काढल्या आणि आम्हाला एकच शिकवलं, आपण बौद्ध माणसं, जे नाही त्याला भ्यायचं नाही. मीही तसाच. कुणी असलं काही बोललं की माझं डोकंच फिरतं.

मी लातूरला कॉम्प्युटरची कामं करतो. गेल्या एप्रिलमध्ये औशाच्या एका दवाखान्यातून, डॉक्टर संगमेश्वरांचं बोलावणं आलं. त्यांच्याकडे खेड्यापाड्यातली माणसं पहाटेपासून येऊन बसायची. भुजंग नावाचा जुना कंपाउंडर नंबर घातलेले पितळी बिल्ले वाटायचा आणि एकेक नंबर पुकारायचा. तो दिवाळीत वारला. आता डॉक्टरांना वाटत होतं, चालू नंबर लोकांना घरी बसून मोबाइलवर दिसावा. त्यासाठी दवाखान्यात एक वेब सर्व्हर बसवायचा. अर्ध्या दिवसाचं काम. आबांच्या छातीत महिनाभर कळ येत होती, म्हणून त्यांनाही गाडीवर मागं बसवून नेलं. म्हटलं, माझं काम होईल आणि संध्याकाळी डॉक्टर त्यांना तपासतील.

दुपारी दोनला डॉक्टर केबिनला कुलूप लावून जेवायला निघाले. दारात थांबून म्हणाले, "सुगत, एक लक्षात ठेवा. सतरा नंबर घालू नका. सोळानंतर एकदम अठरा."

"का सर?"

"माझ्या वडिलांच्या काळात सतरा नंबरचा माणूस बाकावर बसल्या बसल्याच गेला. आत घ्यायला उशीर झाला. तेव्हापासून भुजंग तो बिल्ला कुणाला देत नव्हता. तो बघा, खिळ्यालाच असतो."

एवढा शिकलेला माणूस, आणि हे बोलणं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांची गाडी गेल्यावर मी मुद्दाम तो बिल्ला खिळ्यावरून काढला आणि आबांच्या हातात दिला. आबा पंख्याखाली, बाकाच्या पार शेवटच्या टोकाला बसले होते.

"घ्या आबा, तुमचा नंबर."

"हां, दे इकडं," आबा म्हणाले. "माझं काय व्हायचंय त्यानं?"

आत औषधांच्या खोलीत मी मशीन लावलं. नवंकोरं, खोक्याची पट्टी मीच फाडलेली. खोलीला खिडकी नव्हती. फिनेल आणि जुन्या गोळ्यांचा वास कोंडून राहिला होता. चाचणीसाठी नावांची यादी लागते, तर सोळा नावं मनानंच टाकली आणि सतराव्यावर आबांचं टाकलं, लिंबाजी. तेही मुद्दामच.

मग सर्व्हर चालू करायला गेलो तर होईना. आधी वाटलं, सॉफ्टवेअर अर्धवट उतरलं असेल. काढून परत टाकलं. पुन्हा तीच तक्रार: ऐंशी नंबरचं पोर्ट आधीच वापरात आहे. पोर्ट म्हणजे दार समजा. बाहेरून येणारा पाहुणा ऐंशी नंबरच्या दारावर येतो, आणि त्या दारात एका वेळी एकच प्रोग्रॅम बसू शकतो. माझ्या आधी तिथं कुणीतरी बसलं होतं.

असं होतं कधीकधी. कोण बसलंय ते बघायची आज्ञा असते, ती दिली. नावाची जागा रिकामी होती. मी ती प्रोसेस, म्हणजे दारात बसलेला तो प्रोग्रॅम, मारून टाकली. ती परत आली. दुसऱ्यांदा मारली, परत आली. चिडून ब्राउझर उघडला, म्हटलं बघू तरी काय दाखवतंय. पांढरं पान आलं आणि मधोमध एकच ओळ: चालू नंबर १३.

मी तसलं पान बनवलंच नव्हतं. वाटलं, नेटवरून काही घुसलं असेल. केबल उपटली आणि पुन्हा मारली. पानावर १४ झालं. त्याच वेळी बाहेर कुणीतरी बाकावरून उठल्याचा आवाज आला, आणि मग चप्पल घासत केबिनकडे गेल्याचा.

"आबा, कोण आलंय?"

"पेशंट हायेत रे. तू कर तुझं काम."

पाच वाजेपर्यंत दवाखाना बंद असतो. शटर मीच अर्धं ओढलं होतं. पण माझं लक्ष स्क्रीनवर होतं, आणि माझ्या कामात कुणी आडवं आलं की मला दुसरं काही सुचत नाही. आणखी एकदा मारली. १५. बाहेर पुन्हा चप्पल घासली.

आता मात्र माझा हात थांबला. मी मारतो म्हणून नंबर पुढं जात होता. हे ध्यानात आलं तरी मन घेईना. म्हटलं, खात्री करू. एकदाच. आणि देवाशप्पथ म्हणणारा मी नव्हे, पण तुमच्यासमोर सांगतो, ते बटण दाबल्याचा पस्तावा मला मरेपर्यंत राहील.

चालू नंबर १६.

"सुगत..." बाहेरून आबांचा आवाज आला. बारीक, दबका. "लई गर्दी झाली रे इथं... सगळे सरकायलेत, तर मी बी सरकलो पुढं..."

मी यादीतून आबांचं नाव खोडलं. पान हललं नाही, ती माझी यादीच नव्हती. तेवढ्यात लाइट गेली. बॅटरीवर मशीन टीं टीं करायला लागलं. बॅटरी संपून ते बंद पडलं तर... ते मी मारल्यातच धरलं जाईल का? मला भीती वाटत होती, सरळ सांगतो, शाळकरी पोरासारखी भीती वाटत होती. मी तसाच बाहेर पळालो.

हॉल रिकामा होता. आबा बाकाच्या पहिल्या टोकाला बसले होते, केबिनच्या दाराला गुडघा लागेल इतके जवळ. त्यांच्या हातात बिल्ला नव्हता. आणि मघाशी कुलूप लावलेलं दार चार बोटं उघडं होतं... आत अंधार, आणि ओल्या कापसाचा थंड वास. मी आबांना दंडाला धरून उठवलं, शटरखालून बाहेर काढलं आणि गाडीला किक मारली. लातूर येईपर्यंत मागं पाहिलं नाही.

बुधोड्याच्या पुढं मी विचारलं, "आबा, बिल्ला कुठाय?"

"घेतला की त्यानं."

"कुणी?"

"दारातल्या माणसानं. लई थकलेला दिसला बिचारा. म्हणला, हा नंबर कुणी दिला तुम्हाला? मी म्हणलं, पोरानं. मग म्हणला... आज यायचं का थांबायचं? मी म्हणलं, थांबतो. पोरगा घाबरंल. तर म्हणला, कवापतूर?"

"मग?"

"सांगितलं मी."

"काय सांगितलं, आबा?"

"गाडी नीट चालव," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लातुरात त्यांच्या सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. कळ त्या दुपारपासून गेली ती गेलीच. औशाला मी आठवड्यानं गेलो. बॅटरी संपायच्या आत लाइट आली असावी, मशीन चालूच होतं, पानावर सोळाच. ऐंशीच्या दाराला हात लावला नाही, डॉक्टरांचं पान दुसऱ्या पोर्टवर चढवलं. त्यात सोळानंतर अठरा आहे. डॉक्टरांना मी फक्त एवढंच सांगितलं की हे मशीन कधी बंद करू नका. त्यांनी मान हलवली.

आबा ठणठणीत आहेत. पेन्शनचा दिवस सोडला तर त्यांनी उभ्या जन्मात कधी मला तारीख विचारली नव्हती. आता रोज सकाळी आंघोळ झाली की दारात येऊन विचारतात, "सुगत, आज तारीख किती?" घरातलं कॅलेंडर मी काढून ठेवलंय. पेपरही बंद केलाय.

मी त्यांना एक दिवस मागची सांगतो.